पिल्लू अजून बुजतंय

वसमतच्या लोकांना हसायला फार काही लागत नाही. डॉक्टर विजयकुमारांच्या जनावरांच्या दवाखान्यामागे पत्र्याचं शेड आहे आणि त्यात दर रविवारी सकाळी कुत्र्यांच्या पिल्लांचा वर्ग भरतो, एवढं त्यांना वर्षभर पुरलं. कुणी त्याला बालवाडी म्हणायचं, कुणी कुत्र्याची ट्यूशन. हळदीच्या मोंढ्यातल्या एका अडत्यानं तर, यांची दहावी बोर्डाचीच असते का, असं विचारून घेतलं होतं. वर्ग घेणाऱ्या प्रियदर्शनीच्या कानावर हे सगळं यायचं. पुढे तोच अडत्या लॅब्राडोरचं पिल्लू काखेत मारून शेडच्या दारात उभा राहिला, तेव्हा तिनं त्याला बसायला पोतं दिलं.

वर्गाची कल्पना डॉक्टरांची. साहेबांना सुचतं आणि बाईला करावं लागतं, हा जगाचा नियम दवाखान्यालाही लागू होता. गावात पैसा आला तशी कुत्री आली. पिल्लू हौसेनं आणायचं, नव्याचे नऊ दिवस मांडीवर घ्यायचं, मग ओसरीच्या खांबाला बांधून टाकायचं. मोठं झालं की ते पाहुण्याच्या पोटरीला डसायचं आणि लोक दवाखान्यात येऊन इंजेक्शन मागायचे, शांत व्हायचं. डॉक्टरांनी बाहेरच्या एका प्रशिक्षणात ऐकलं होतं की पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचं होईपर्यंत जे पाहतं ते त्याला आपलं वाटतं. पुढे दार लागतं. जे तोवर पाहिलं नाही, त्याला ते जन्मभर भितं, नाहीतर चावतं.

म्हणून प्रियदर्शनी रविवारी पहाटेच शेड औषधानं धुऊन काढायची. गायी-म्हशी बांधायच्या खोड्याच्या बाजूला ताडपत्री, पोती, पत्रा असं काहीबाही अंथरायची, पिल्लांच्या पायांना सगळ्याची सवय व्हावी म्हणून. मोबाइलवर कुकरची शिट्टी वाजवायची. हेल्मेट घालून फिरायची, छत्री उघडायची, काठी टेकत लंगडायची. प्रत्येकानं आपलं पिल्लू शेजारच्याच्या हातात द्यायचं आणि शेजारच्यानं त्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा भरवायचा. तिचा एकच दंडक होता. पिल्लाला ओढायचं नाही. ते आपण होऊन येईल तेव्हा येईल, तोवर माणसानं वाट बघायची.

घरी करायला अभ्यासही असे. आठवड्यातून पाच-सहा नवी माणसं घरी बोलवायची, त्यांत एखादी बाई, एखादं लेकरू पाहिजेच. हे ती इतक्या ठसक्यात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईच्या घरी रोज पंगत उठते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिच्या घरी कुणीच येत नव्हतं.

चाळिशीला आलेली बाई. पशुधनाची पदविका घेतली, गावोगाव हिंडून जनावरांना लशी टोचल्या, आणि या सगळ्यात लग्नाचं वय कधी निघून गेलं ते तिला आणि आईला दोघींनाही कळलं नाही, किंवा कळलं तरी एकमेकींना सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. भाऊ संभाजीनगरला. राहायची ती एका घराच्या माडीवरच्या खोलीत, कुत्रं पाळायचं नाही या अटीवर. दुधासाठी तिनं खिडकीतून पिशवी सोडायची दोरी बांधून घेतली होती. रोज येणारा तेवढाच एक माणूस, आणि त्याचाही जिना तिनं वाचवला. गावात तिला सगळे कुत्र्याची मॅडम म्हणत. तिला प्रत्येक पिल्लाचं नाव पाठ होतं. तिचं नाव मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि याचं तिला वाईट वाटायचं.

मृगात व्यंकटराव आले. सत्तरीचा माणूस, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. एसटीनं आले होते आणि कापडी पिशवीतून एका काळ्या गावठी पिल्लाचं तोंड बाहेर डोकावत होतं. लॅब्राडोरवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रियदर्शनीनं नाव विचारलं तर म्हणाले, अजून ठेवलं नाही. नात आली की ती ठेवील.

त्यांची गोष्ट तिला तुकड्यातुकड्यानं कळली. कालव्याच्या कडेला त्यांचा आखाडा, म्हणजे शेतातलं राहतं खोपटं. गावातलं घर बंद, बायको सखुबाई वारलेली, मुलगा-सून पुण्याला. आखाड्यावर एकट्या माणसाला कुत्र्याशिवाय निभत नाही. रानडुकरं हळदीत घुसतात, मोटारीची वायर चोरीला जाते. आधीचं कुत्रं त्यांनी रीतीप्रमाणे तिखट केलं होतं. म्हणजे लहानपणी अंधारात बांधून ठेवायचं, माणूस दिसू द्यायचं नाही, भाकरीतून लाल मिरची चारायची. त्या कुत्र्याला सारा शिवार भ्यायचा आणि व्यंकटरावांना त्याचा मोठा अभिमान. मग एका उन्हाळ्यात ते नातीच्या हाताला चावलं. टाके पडले. कुत्रं असेतोवर या जागी पाय ठेवणार नाही, असं सून म्हणून गेली, आणि काही खोटं बोलली नाही. कुत्रं म्हातारं होऊन यंदा मेलं. आता हे नवं पिल्लू माणसाळलेलं निघावं आणि भादव्यात महालक्ष्म्यांना सुनेनं लेकरू घेऊन यावं, एवढ्यासाठी हा माणूस एसटीचे धक्के खात वर्गाला येत होता.

पिल्लू गुणी होतं, पण बाई दिसली की बाकाखाली. अभ्यास करता ना, असं प्रियदर्शनी विचारायची. व्हय, करून राहिलो की, म्हणायचे.

एका दुपारी ती कालव्याकडच्या वस्तीवर शेळ्यांना लस टोचायला गेली होती. परतताना वाटलं, बघून तरी यावं. आखाड्याच्या अंगणात तिला एक नऊवारी लुगडं नेसलेली बाई पाठमोरी दिसली. डोक्यावरून पदर, एका हातात छत्री. बाई अंगणात येरझारा घालत होती आणि पिल्लू मजेत तिच्या मागेमागे फिरत होतं. बाई वळली तर ते व्यंकटराव. धोतरावरूनच लुगडं गुंडाळलेलं. बांगड्या मनगटात जाईनात म्हणून सुतळीत ओवून हातात धरलेल्या आणि त्या वाजवत होते. प्रियदर्शनीला पाहताच पिल्लू बाजेखाली पळालं. तिला आधी हसू आलं, आणि लगेच इतकं भरून आलं की तिनं पाठ फिरवून चपलेचा बंद नीट केल्यासारखं केलं.

"बाईमान्साला भेतंय म्हनलात ना तुमी," व्यंकटराव पदर सोडवत म्हणाले. "हितं बाईमानूस कुठून आनू?"

ती म्हणाली, कुत्रं वासानं ओळखतं काका, त्याला तुमचाच वास येतो, लुगड्यानं ते फसायचं नाही.

"तिचा बी वास हाय की लुगड्याला," ते म्हणाले. "पेटीतच व्हतं."

मग प्रियदर्शनीच म्हणाली, मी येत जाईन. व्यंकटरावांनी लुगड्याची नीट घडी घातली, चूल पेटवली, आणि तिचं गाव विचारलं, आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. ते क्षणभर थांबले. तसं थांबणं तिच्या ओळखीचं होतं, आणि पुढं काय होतं तेही. पण त्यांनी साखर किती टाकू म्हणून विचारलं आणि स्वतः प्यायले तसल्याच कपात तिला चहा दिला.

मग दर रविवारी वर्ग आटोपला की ती स्कूटी घेऊन आखाड्यावर जायची. पहिल्या खेपेला पिल्लाकडे पाठ करून नुसती जमिनीवर बसली आणि अंड्याचे तुकडे मागे टाकत राहिली. पुढे पिल्लू तिच्या सावलीपर्यंत आलं. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या नीलाबाईला आणि तिच्या सोबतिणींना तिनं सांगून ठेवलं, येता-जाता याला दोन घास टाका. बायका हसल्या, पण टाकू लागल्या. श्रावणात हळद कमरेला आली तेव्हा पिल्लू तिची गाडी ओळखून बांधापर्यंत धावत येऊ लागलं. एक दिवस त्यानं आपण होऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि नीलाबाईची चिमुरडी नात त्याचे कान ओढत होती तरी ते हललं नाही.

त्या दिवशी व्यंकटरावांनी विचारलं, झालं का तयार?

झालं होतं. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं झालं होतं. प्रियदर्शनी म्हणाली, "अजून थोडं बुजतंय."

असं का म्हणाली ते तिला चांगलं ठाऊक होतं. तयार झालं म्हटलं की तिचं आखाड्यावरचं काम संपलं. मग रविवारची दुपार पुन्हा माडीवर. इथं व्यंकटराव तव्यावरची भाकरी थेट तिच्या ताटात टाकायचे, ठेचा जास्त झाला का विचारायचे, मागच्या रविवारी ती काय बोलली होती ते लक्षात ठेवायचे. आई गेल्यापासून तिला कुणी आणखी एक घे म्हणालं नव्हतं. पुढच्या रविवारीही ती तेच म्हणाली, अजून बुजतंय. त्याच्या पुढच्याही. व्यंकटराव मान हलवायचे. बरं म्हणायचे. वाद घालत नसत.

पोळा झाला. महालक्ष्म्या तोंडावर आल्या. फळीवर दोन पितळी मुखवटे चिंचेनं घासून लख्ख करून ठेवलेले तिला दिसायचे आणि ती त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसायची. आपल्या एकटेपणाच्या पायी आपण या माणसाची नात अडवून धरली आहे, असं तिचं मन तिला खायचं. जिला वर्गात सगळ्यांना सांगायची सवय होती की घाबरू नका, दार उघडा, तिनंच दुसऱ्याचं दार धरून ठेवलं होतं.

त्या रविवारी तिनं गाडी लावली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. "काका, पिल्लू तयार आहे. मागच्या महिन्यातच झालं होतं. मी खोटं बोलले. सुनेला आजच फोन करा."

व्यंकटराव चुलीपुढे बसले होते. त्यांनी लाकूड आत सारलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "जनावरात जिंदगी गेली माजी. बुजल्यालं कळत न्हाई व्हय?"

मग कळवलं का नाही, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. कळवलं होतं. पिल्लानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं त्याच संध्याकाळी फोन केला होता. सून नीट बोलली, तब्येतीचं विचारलं. म्हणाली, बाबा, यंदापासून महालक्ष्म्या इकडंच बसवतोय, मुखवटे नवे घेतले, पोरीची शाळा बुडते, आता तुम्हीच येत जा. मुलगाही तेच म्हणाला.

"कुत्र्याचं तिनं नावच काढलं न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "मीच काढलं. लई गुनाचं हाय म्हनलं. तर म्हनली, अच्छा."

प्रियदर्शनी बाजेवर बसली. इतके दिवस ती ज्या खोट्यासाठी स्वतःला टोचत होती, त्यानं कुणाचं काही अडलंच नव्हतं. तिच्या पायाशी पिल्लू येऊन उताणं पडलं.

"गावात इचारतेत," व्यंकटराव पुढं म्हणाले, "काहून येईनात लेकरं? मंग मी सांगतो, पिल्लू बुजतंय अजून, डाक्टरच्या मॅडमनं सांगितलंय. तेवढं म्हनलं की लोकांला बराबर वाटतं." त्यांनी चुलीतली राख मागं ओढली. "मला बी वाटतं. तवा माय, आनखी थोडे दिस तसंच म्हनत जावा."

तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. व्यंकटरावांनीही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं नाही, घागरीतून तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं. मग परातीत पीठ घेऊन भाकरी थापायला बसले. फळीवरचे मुखवटे आता फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते.

थोड्या वेळानं नीलाबाई खुरपं घेऊन बांधावरून आली. पिल्लू प्रियदर्शनीच्या चपलांवर पोट वर करून झोपलं होतं, जीभ एका बाजूला लोंबत होती. नीलाबाई थांबली आणि म्हणाली, महालक्ष्म्या आल्या की मॅडम, सूनबाई यायची म्हनत्यात, माणसाळलं का न्हाई हे?

व्यंकटरावांचा हात परातीवर थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही मावशी," प्रियदर्शनी म्हणाली. "अजून बुजतंय. मला यावं लागेल आणखी."

नीलाबाईनं वाकून पिल्लाच्या पोटावरून हात फिरवला. त्यानं डोळे मिटूनच शेपूट हलवली. तिनं एकदा व्यंकटरावांकडे पाहिलं, एकदा प्रियदर्शनीकडे.

"व्हय, दिसतंय की," ती म्हणाली, आणि बांधानं आपल्या रानाकडे निघून गेली.