त्या सिनेमावरून आमचं भांडण

तो सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो सिल्वासात, आमली भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत. रविवारची दुपार होती. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि समोर मेथी निवडायला घेतली होती. अर्ध्यावर मेथी तशीच राहिली.

दिग्दर्शक आमच्या आवडीचा. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या. भावकीतली भांडणं, लग्नातले रुसवेफुगवे, सरपंचाची फजिती असले विनोदी सिनेमे काढणारा माणूस. डी.एड.ला आम्ही दोघं एका वर्गात होतो, तेव्हा त्याच्या सिनेमांतले संवाद एकमेकांना ऐकवतच आमचं जमलं. अशा माणसाने अंतराळातली प्रेमकथा काढली. लोक हसायला म्हणून गेले आणि वैतागून बाहेर आले. आठवडाभरात सिनेमा उतरला. सिल्वासात तर लागलाच नाही.

गोष्ट साधी आहे. तो एका यानातून दूर निघालेला, ती इथे एका लहान शहरात. दोघं एकमेकांना बोलून निरोप पाठवतात. यान जसजसं लांब जातं तसतसा निरोप पोचायला वेळ लागत जातो. आधी मिनिटं, मग दिवस, मग महिने. पुढे पुढे ती त्याच्या प्रश्नाची वाट बघणं सोडून देते आणि सरळ उत्तरंच पाठवू लागते. तो काय विचारणार ते तिला माहीत असतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, तेव्हा माझा आवाज अजून भरलेला होता. त्यानेही तो सिनेमा त्याच आठवड्यात पाहिला होता.

"रडतेस काय? फसलाय तो सिनेमा," तो म्हणाला.

"फसलेला नाही. लोकांना कळला नाही."

"अगं, अडीच तासांत दोघं एकमेकांचा हातसुद्धा धरत नाहीत. आणि हिशेब बघ. निरोप पोचायला आठ महिने लागतात म्हणतात, पुढच्याच प्रसंगात तिचे केस तेवढेच. आठ महिन्यांत केस वाढत नाहीत?"

शिक्षकाची नोकरी न लागल्याने नवरा चिपळूणला बस डेपोत वाहतूक नियंत्रक झाला. कुठली गाडी किती उशिरा आली हे बघण्यात त्याचा दिवस जातो, त्यामुळे सिनेमातलं यानही तो त्याच नजरेने बघणार. मी तसं म्हटलं, तर तो हसला. मग रोजच भांडण सुरू झालं. तो एक चूक काढायचा, मी ती खोडून काढायचे. शाळेतून येताना भाजी घेता घेता मी मनात मुद्दे तयार करायचे. भाजीवाली गुजरातीत भाव सांगायची आणि मला ऐकूच यायचं नाही.

मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. वर्गात बरीचशी मुलं धुळे-नंदुरबारकडची, मसाटच्या नाहीतर नरोलीच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची. अहिराणी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलतात. नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत काहीतरी जमेल. पण हा दादरा-नगर हवेलीचा भाग केंद्रशासित. इथून बदली झालीच तर दमणला होईल, दीवला होईल, रत्नागिरी जिल्ह्यात होणार नाही. आणि सासूबाईंची एक बाजू लुळी पडलेली, त्यामुळे नवऱ्याला तिथून हलता येत नाही. जायचं तर मी नोकरी सोडून जायचं. तो विषय आम्ही काढत नव्हतो. सिनेमावर मात्र भरपूर बोलत होतो.

एकदा मी म्हटलं, "प्रेमकथेत माणसं भेटलीच पाहिजेत असं कुणी सांगितलं? न भेटता ती किती जवळ येतात बघ ना."

तो म्हणाला, "तुला तो सिनेमा का आवडतो सांगू? तुला लांब राहायची सवय झालीय. आता तेच बरं वाटतं तुला."

मी फोन ठेवला. त्यानंतर पुष्कळ दिवस आम्ही फक्त जेवणाखाण्याचं आणि सासूबाईंच्या औषधांचं बोलत होतो. मला त्याचा राग आला होता. पण जास्त भीती वाटत होती, की तो म्हणतोय ते खरं तर नसेल?

जानेवारीत तो न कळवता आला. सासूबाईंजवळ नणंद येऊन राहिली होती. वापी स्टेशनवरून शेअर रिक्षाने आला आणि दारात उभा राहिला. घरमालकीणबाईंनी त्याला कधीच पाहिलेलं नव्हतं. त्या जिन्यातूनच ओरडल्या, "टीचर, कोई आव्या छे!"

चहा झाल्यावर तो म्हणाला, "लाव तो सिनेमा. एकदा बरोबर बसून बघू."

आम्ही भिंतीला टेकून बसलो. मोबाइल त्याने हातात धरला होता. सुरुवातीला तो काहीतरी बोलत होता, नंतर नुसता बघत राहिला. ती उत्तरं पाठवू लागते तो प्रसंग आला तेव्हा त्याने सिनेमा थांबवला.

"तुला परत यावंसं वाटतं का गं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "इथली शाळा मला आवडते. मुलं आवडतात. पण शाळेतून आले की कुलूप काढायला नको वाटतं. आत कुणी नाही हे माहीत असतं ना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाला असतास, ये सोडून."

"नसतो म्हणालो. सोड असंही म्हणणार नाही आणि सोडू नकोस असंही नाही. ते तुझं तू ठरव. मला एवढंच ऐकायचं होतं की तुलाही जड जातं."

"जातं," मी म्हटलं.

उरलेला सिनेमा आम्ही पाहिलाच नाही. दमणगंगेच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी मी त्याला वापीपर्यंत सोडायला गेले. गाडी सुटताना खिडकीतून तो म्हणाला, "केसांचा मुद्दा मी सोडलेला नाही हं." मी हसले. परतताना रिक्षात शेजारच्या बाईने मला विचारलं, "तबियत ठीक है ना?"

मी अजून इथेच आहे. तोही तिथेच आहे.

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. दोन वाक्यं बोलला असेल, तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. फोन बंद करायचं विसरून त्याने तो तसाच खिशात टाकला. मला गाड्यांचे आवाज ऐकू येत होते. त्याचा कुणी सहकारी म्हणत होता, "तो अंतराळवाला का? अहो, झोपलो मी. त्यात आहे काय?"

"काय आहे म्हणजे?" माझ्या नवऱ्याचा आवाज चढला. "सगळे यानच बघत बसता. तिचं घर बघितलंत का? तो जातो तेव्हा ती पलंगाच्या भिंतीकडच्या कडेला झोपत असते. पुढे इतकी वर्षं जातात, पण ती कधी मधे सरकत नाही. कुणी ते बोलून दाखवत नाही, फक्त दिसतं. असा दिग्दर्शक आहे तो! लोकांनी उगाच कमी लेखला."

इतक्या वेळा बघूनही हे मला दिसलं नव्हतं. आणि त्याने हे मला कधी सांगितलंही नव्हतं.

सहकारी काहीतरी पुटपुटला. मग चिपळूणच्या स्थानकावर गुहागरच्या गाडीची घोषणा झाली आणि नवरा कुठल्याशा ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगू लागला. इथे सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी फोन कानाला लावूनच वर्गात गेले. मुलं उभी राहिली. एका मुलीने विचारलं, "बाई, कोण शे फोनवर?"

मी तिला बस म्हणून खूण केली. तिकडे गाडी मागे येत होती, तिचा आवाज थांबेपर्यंत मी ऐकत उभी राहिले.