टायरातला सांबार

कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, आणि तो खुडला की त्याच्या वासाबरोबर मला अमरावतीच्या घरामागची ती सकाळ आठवते. तिथे आईचा सांबाराचा वाफा होता. त्याच्या जुड्या ती राजापेठेत विकायची. मला माझ्या दोन जुन्या मोटारसायकलींसाठी शेड हवी होती. "घे जागा," एवढंच ती म्हणाली. मी घाईघाईने वाफ्यावरच गिट्टी पसरायला लागलो, तशी ती फावडं घेऊन धावत आली. "काहून करून राहिला असं? काळी माती हाये हे, पावसाळ्यात फुगते. तुयी फरशी फुटून जाईन अन् गाड्या पडतीन." मग वर्षानुवर्षं शेणखत घालून पोसलेली ती माती तिने माझ्याबरोबर गुडघाभर खणून काढली आणि खड्ड्यात मुरूम भरून धुमसाने ठोकून घेतला. कुरकुर अजिबात नाही. फक्त त्या काळ्या मातीचं शेवटचं घमेलं तिने माझ्या एका फाटक्या टायरात ओतलं आणि त्यात मूठभर धने रगडून पेरले. आज शेडच्या फरशीला एकही तडा नाही. मिस्त्री कोण होता, असं कोणी विचारलं, की मी टायरातला सांबार खुडून त्याच्या हातावर ठेवतो.