कडूकाकांची जीभ

उंच डोंगरावर, बर्फ सरकलं की खडकांच्या फटीत एक एवढंसं रोप निळसर तुरा काढतं. तीच कुटकी. तिची सुकी मुळी कडूजहर. ताप, कावीळ, मेलेली भूक, सगळ्यावर जुनी माणसं तिचाच काढा सांगत. तिच्यासारख्या दिसणाऱ्या भलत्याच मुळ्याही बाजारात पोत्यांनी येत. पण जडीबुटी विकणाऱ्या कडूकाकांनी एक तुकडा चावून, डोळे मिटून ‘अस्सल’ म्हटलं की विषय संपला. चाळीस वर्षं त्यांचं दुकान त्या जिभेवर चाललं होतं.

आणि नेमकी तीच जीभ गेली. एका सकाळी चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि काका कप रिकामा करून ‘झकास’ म्हणाले. काकू बघतच राहिल्या.

“खोटी मुळी कुणा आजाऱ्याच्या पोटात गेली तर?” काका म्हणाले. ते खरंच घाबरले होते.

तोडगा काकूंनी काढला. माल आला की त्याही गुपचूप एक तुकडा चावत. त्यांचं तोंड वाकडं झालं की काका ऐटीत डोळे मिटत आणि ‘अस्सल’ म्हणत. ते तोंड लग्नापासून काकांनी पुष्कळदा वाकडं झालेलं पाहिलं होतं, पण त्याचा असा आनंद कधी झाला नव्हता.

मग एके दिवशी काकांनी घोळ घातला. काकूंनी सकाळभर खपून त्यांच्या आवडीचं जेवण केलं, आणि हा गृहस्थ घास तोंडात जाण्याआधीच ‘छान’ म्हणाला. अबोला सुरू झाला. तेवढ्यात मुळीवाला दोन पोती घेऊन हजर. दुकानात चार गिऱ्हाइकंही होती.

काकूंनी तुकडा चावला. तोंड वाकडंच होतं, पण ते सकाळपासूनच वाकडं होतं. काकांना घाम फुटला. ‘अस्सल’ म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण ते काकूंकडे वळले.

“अगं, माझी जीभ गेलीय हे कळू दे सगळ्यांना. पण एवढं सांग, तोंड मुळीमुळे वाकडं की माझ्यामुळे?”

“तुमच्यामुळे,” काकू म्हणाल्या. “मुळीत काही दम नाही.”

“उचल रे पोती,” काका मुळीवाल्याला म्हणाले.

दुकान काही बंद पडलं नाही. फक्त आता गिऱ्हाईक पायरीवरच थांबतं आणि आधी विचारतं, “काका, आज तुमचं भांडण नाही ना झालेलं?”