पत्रे सापडले, घर गेलं

ती घटना आठवली की आजही स्वतःचाच राग येतो. बहात्तरच्या दुष्काळात मी तिसगावच्या बाजूला एका पोलीस दूरक्षेत्रावर हवालदार होतो. एका घरमालकाने फिर्याद दिली की भाडेकरू विधवेने छपराचे पत्रे चोरून विकले. बाईला जबाबासाठी बोलावलं.

"दुष्काळी कामावर खडी फोडाय गेल्ते, सायेब. आले तर वर आभाळ! माझंच छप्पर मी कशाला इकू?"

दोन दिवसांनी चहावाला कानाशी लागला. "मालकाची जनावरं भुकेनं हंबरत्यात, अन् त्यो कडब्याच्या गंजीला हात लावू देत न्हाई. असं कुठं असतंय व्हय?"

मालकाच्या सालगड्याला आणून बसवलं. माझा आवाज चढताच तो रडकुंडीला आला. "मालकानंच काढाय लावले, सायेब. छप्पर गेलं की बाई आपसूक जाईल म्हनले."

पंच नेले, गंज उपसली. खाली पत्रे.

इथे मालकावर गुन्हा दाखल व्हायला हवा होता. ठाण्याचे साहेब म्हणाले, "मिटवून टाक." मी बाजारात भाजी विकत शिकलेला माणूस, सौदा जमवण्याचा मला गर्व होता. मालकाला दमात घेतलं. फिर्याद मागे, बाईला घर सोडायला दोन महिन्यांची मुदत, जाताना पत्रे तिचे. बाई चाचरत म्हणाली, "नगरला वकील गाठू का?"

मी खेकसलो, "वकील भांडी विकायला लावील तुला. मी आहे ना!" आणि राजीखुशीने घर सोडते, अशा कागदावर तिचा अंगठा घेतला.

पुढे बाईने घर सोडल्यावर, दुसऱ्या एका खटल्यात साक्षीसाठी नगरच्या कोर्टात गेलो असता एका वकिलाला ही हकिकत फुशारकीने सांगितली. तो चहा पिता पिता थांबला.

"अहो, कोर्टाच्या हुकमाशिवाय तिला कुणी हलवू शकत नव्हतं. मी फुकट लढलो असतो."

"मग आता लढा."

"कशावर? राजीखुशीचा कागद तुम्हीच करून दिलात."

तिला शोधत दुष्काळी कामावर गेलो. बाभळीला टेकवलेल्या त्याच पत्र्यांखाली तिची चूल होती. मला पाहून पदर सावरत उठली.

"बसा म्हनले असते सायेब, पन उंबराच न्हाई."

ज्याच्याकडे एकच घर आहे, त्याच्या वतीने सौदा करू नये. त्याला हक्क सांगावा, वकिलाची वाट दाखवावी आणि बाजूला व्हावं. प्रकरण शांततेत मिटवल्याची शाबासकी साहेबांना मिळाली. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. पण तिचा अंगठा धरून शाईत बुडवला होता तो मीच.