पहिला चमचा कुणाचा

माझ्या विहीणबाईंचा मला राग येतो तो त्यांच्या चांगुलपणाचा. भांडखोर असत्या तर चार बायकांत बसून त्यांच्याबद्दल बोलता तरी आलं असतं. पण बोलायला जागाच ठेवत नाहीत बाई. दिवाळीला साडी पाठवतील, ती नेमकी मला आवडणाऱ्या रंगाची. मी आजारी पडले तर दिवसातून दोनदा फोन. अशा माणसाचा हेवा वाटतो हे सांगणार कुणाला? म्हणून इथं लिहून टाकते.

सूनबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, साताऱ्याला. रीतच आहे, त्यात मी काय म्हणणार? पण तिसऱ्या महिन्यात यायची ती सहावा लागला तरी येईना. कधी थंडी फार, कधी लस राहिली, कधी बाळाला सर्दी, एकेक निमित्त निघत गेलं. मी इकडं सांगलीजवळ माधवनगरात बसून नातवाला फोनमध्ये बघत होते. बघताना त्याच्या मागून एक हात यायचा. टोपडं सारखं करायचा, लाळ पुसायचा. तोंड दिसायचं नाही, नुसता हात आणि हातभर हिरव्या बांगड्या. मी काचेच्या बांगड्या कामाच्या रगाड्यात कधीच सोडल्या, दोन पाटल्या तेवढ्या हातात असतात. ती हिरवी किणकिण ऐकली की माझ्या पोटात दुखायचं.

पहिलं हसू त्यांनी बघितलं. पालथा पडला तो त्यांच्या सतरंजीवर. सगळं त्यांना मिळालं. मग मी एकच गोष्ट मनात धरून बसले. नातवाच्या तोंडात पहिला घास जाईल तो माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, आणि जमलं तर माझ्या हातचा.

उष्टावण करायचं मामानं. मामा म्हणजे सूनबाईचा धाकटा भाऊ, फौजेत असतो. सहा महिने पूर्ण झाले की फळांचा गर सुरू करा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मामाची रजा त्यानंतर आठवड्यानं होती. तो आठवडा बाळ साताऱ्यालाच असणार होतं. मी लगेच विहीणबाईंना फोन लावला आणि बजावलं की मामाच्या हातानं उष्टावण झाल्याशिवाय पोराच्या तोंडात काही घालायचं नाही, आमच्यात तसं चालत नाही. आता खरं सांगते, आमच्यात तसं काहीएक नव्हतं. माझ्या थोरल्याला सासूबाईंनी न विचारता केळं चाटवलं होतं. पण विहीणबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. ते "बरं"सुद्धा इतकं गोड, की मला आणखीच राग आला.

आठव्या दिवशी मुलगा गाडी घेऊन गेला आणि दोघांना घेऊन आला. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातवाला छातीशी घेतलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. सूनबाई म्हणाली, नवीन माणूस आहे ना आई, होईल सवय. नवीन माणूस म्हणजे मी.

त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला, रजा दहा दिवस पुढं गेली. सूनबाई वैतागली. पोरगं आपण जेवायला बसलो की आपल्या घासाकडं टक लावून बघतं आणि आपण मामाची वाट बघत बसायचं, हे काय, असं तिचं म्हणणं. बरोबरच होतं तिचं. पण मीच घातलेला नियम, तो मी कसा मोडू? शेवटी मुलगा मध्ये पडला आणि सूनबाईनं ऐकलं, पण दहाचा अकरावा दिवस होऊ देणार नाही असं मला तोंडावर सांगून.

तोवर तिचा सराव सुरू झाला. साताऱ्याहून येताना बाळासाठी वेगळं मिक्सरचं भांडं आणलेलं, गराच्या वड्या गोठवायला रबरी साचे आणलेले. फ्रिजवर यादी चिकटवली: साखर नाही, मीठ नाही, मध नाही, एक फळ तीन दिवस. मग रोज सकाळी विहीणबाई फोनवर. सफरचंद सालासकट वाफवायचं की सोलून, नासपती किती वेळ वाफवायची, पपई कितपत पिकलेली हवी, सगळं आईला विचारून. मी दोन हात अंतरावर उभी त्याच ओट्यापाशी, पण मला कुणी विचारेना. विहीणबाईंचं माहेर महाबळेश्वराकडं, तिथून स्ट्रॉबेरीची पेटी आली, ती बाळाला एवढ्यात द्यायची नाही म्हणून आम्हीच खाल्ली. सरावाचे सगळे गर आमचे हे वाटीत घेऊन चमच्यानं खात बसायचे. त्यांची मजा चालली होती.

एक दिवस मी माझं पुरणयंत्र काढलं. माझ्या पुरणाला गल्लीत नाव आहे. सणाला शेजारच्या बायका अजून आपली डाळ शिजवून माझ्याकडं घेऊन येतात, यंत्राचं हँडल मीच फिरवावं म्हणून. परसातल्या झाडाचे चिक्कू तांदळाच्या डब्यात घालून मऊ केले होते. ते सोलले, बिया काढल्या, बिया मोजूनच काढल्या, एखादी राहायची भीती. मग गर यंत्राच्या बारीक जाळीतून उतरवला. उकळून गार केलेलं दोन चमचे पाणी घातलं. असा उतरला की बोटाला रवा लागेना. मिक्सरच्या गरात हवा शिरते, फेस येतो, चव मरते. सूनबाईनं चाखला आणि म्हणाली, आई, उष्टावणाला हाच करायचा. मला इतकं बरं वाटलं, सांगता सोय नाही. पण म्हणाली आणि लगेच आईला फोन करून विचारलं, चिक्कू चालेल ना.

तिथं माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई कामावर रुजू व्हायचा कागद द्यायला सांगलीला गेली. हे पडवीत खुर्चीत घोरत होते. नातू जागा, झोळीतून माझ्याकडं बघतोय. सात दिवसांत रडणं थांबलं होतं, हसणं अजून सुरू झालं नव्हतं. मी दोन चिक्कूंचा गर काढला, त्याला मांडीवर घेतलं आणि बारका चमचा ओठाला लावला.

तोंड मिटलेलंच. मी चुचकारलं, आ करून दाखवलं. काही नाही. चमच्यात गर जास्त झाला असेल म्हणून मी तो वाटीच्या काठावर आपटला, टण टण, दोनदा. आणि पोरानं तोंड उघडलं. असं उघडलं की मागच्या हिरड्या दिसल्या.

मी दोन पोरं वाढवलीत. पहिला घास कसा जातो मला ठाऊक आहे. पोर जिभेनं बाहेर ढकलतं, तोंड वेडंवाकडं करतं, अर्धं हनुवटीवर येतं. यानं गट्ट केलं आणि पाय झाडून वाटीकडं बघितलं. मी पुन्हा दोनदा वाजवलं. पुन्हा तोंड उघडलं.

मी चोरी करायला गेले आणि घर आधीच कुणीतरी धुऊन नेलेलं. कुणी नेलं ते काय सांगायला हवं? सूनबाई तशी नाही, तिला द्यायचं असतं तर माझ्यासमोर दिलं असतं. त्या गोड "बरं"चा अर्थ मला आत्ता कळला. जाब विचारायचा तर आधी मी काय करत होते ते सांगावं लागणार. त्याचं तोंड पुसलं, वाटी घासून जागच्या जागी ठेवली, उरलेला गर मीच खाल्ला. त्यानंतर सूनबाई आंघोळीला गेली की मी रोज दोन चमचे देत होते, खोटं कशाला बोलू.

मामा आला. उंच, ताठ, कडक इस्त्रीचा पोरगा. विहीणबाईंनी चांदीची वाटी आणि चमचा आणला होता. पाटाभोवती रांगोळी काढली, मामा मांडी घालून बसला, त्याच्या मांडीवर बाळ. एका बाजूला विहीणबाई, एका बाजूला मी, समोर सूनबाई फोन धरून. वाटीत माझा चिक्कू. मामानं चमचा पुढं केला. बाळ त्याच्या मिशीकडं बघत तोंड मिटून बसलं. आ कर गड्या, आ कर, म्हणून मामानं विनवण्या केल्या.

माझा हात आपसूक पुढं गेला, मामाचं मनगट धरायला. आणि पलीकडून हिरव्या बांगड्यांचा हात आला. तो आधी पोचला. त्यांनी मामाचं मनगट धरून चमचा वाटीच्या काठावर दोनदा वाजवला. बाळानं तोंड उघडलं, मामानं घास घातला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिलाच घास आणि कसा शहाण्यासारखा खाल्ला म्हणून मामा खूश. माझा हात अजून तसाच हवेत होता. विहीणबाईंनी त्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. सूनबाईच्या फोनमध्ये ते सगळं आहे, पण तिला त्यात फक्त बाळ दिसतं.

जेवणं झाल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. पाहुणी बाई, नको म्हटलं तरी पुरणयंत्राची जाळी घेऊन घासायला लागल्या.

"किती दिस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"चार," मी म्हटलं. "आणि तुमी?"

"आठ. सफरचंद खरवडून."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. "मी एवढं बजावलं हुतं तुमास्नी."

"व्हय, बजावलं हुतं." जाळी स्वच्छ झाली होती तरी त्या घासतच राहिल्या. "आवं, त्यो आता जल्मभर तुमच्याकडंच जेवनार. माझ्याकडं आठच दिस हुते."

सहा महिने मी त्यांना सुनवायची वाक्यं जमवून ठेवली होती. त्यांनाही माझा हेवा वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी त्यांच्या हातातून जाळी घेतली, पुसली आणि चहा ठेवला. संध्याकाळच्या एसटीनं दोघं मायलेक साताऱ्याला गेली.

आता सूनबाई कामावर जाते. सकाळी नाचणीची पेज, दुपारी पपई नाहीतर चिक्कू, संध्याकाळी केळं, तिन्ही वेळा माझ्याच हातानं. माझ्या मनासारखं झालं म्हणायचं. मी त्याला माझी सवय लावून बघितली. गाणी म्हटली, टाळ्या वाजवल्या, चिमण्या दाखवल्या. तोंड उघडत नाही. शेवटी वाटीवर दोनदा चमचा वाजवावा लागतो. तो आवाज ऐकला की तो आधी माझ्या मनगटाकडं बघतो, तिथं काहीतरी शोधतो आणि मगच तोंड उघडतो.

मागच्या आठवड्यात मी सांगलीला जाऊन दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घालून आले. ह्यांनी विचारलं, आता या वयात हे काय नवीन. आवडल्या म्हणून घेतल्या, असं सांगितलं त्यांना.