मासे धरायला आलो होतो

मला मासे धरता येत नाहीत, खाता येत नाहीत आणि गुडघाभर पाण्याचीसुद्धा भीती वाटते. तरी मासेमारीच्या नावाखाली माझ्याइतकी पायपीट अख्ख्या भोर संस्थानात कुणी केली नसेल.

त्याचं असं झालं. आमची ही पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. माहेर वेल्ह्याकडं, गुंजवणीच्या काठी. मला आईबाप नाहीत, त्यामुळं घरात उरलो मी आणि माझं शिलाईचं यंत्र. काजं-बटणं ती करायची. आता ती मीच करू लागलो आणि एका गिऱ्हाइकाला दोन्हीकडं बटणं असलेला सदरा शिवून दिला! दिवसा कसंतरी निभायचं. संध्याकाळी यंत्र थांबलं की घर खायला उठायचं. मला अजिबात करमत नव्हतं.

पण बोलावल्याशिवाय जावयानं सासुरवाडीला जायचं कसं? निमित्त हवं. सणवार तर रोज येत नाहीत. आणि एकदम सुचलं, मासे! ते बारा महिने पाण्यात असतात, म्हणजे निमित्तही बारमाही! (या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.) गळ घेतला, दोरी घेतली आणि डोंगर ओलांडला.

सासरे ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"या जावईबापू! हिकडं कुठं?"

"मासे धरायला आलो होतो. तहान लागली, म्हटलं पाणी पिऊन जावं."

"मासं? कुठं धरनार?"

"हा काय, तुमच्या देवळाखालच्या डोहात."

अडकित्ता थांबला. "आवं, त्यो देवाचा डोह हाय! आमी त्या माशास्नी लाह्या चारतो!"

घटकेत ओट्यावर गाव गोळा झालं. पुजारीबुवा आले.

"गळ पान्यात टाकला का?"

"नाही हो!"

"पर मनात व्हतं न्हवं?"

आता मनात काय होतं हे चारचौघांत कसं सांगणार? मनात बायको होती! तेवढ्यात आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

पुजारीबुवांनी दंड ठोठावला, "लेक सुखरूप बाळंत व्हईस्तवर दर आयतवारी येऊन माशास्नी लाह्या घालायच्या!"

मी मान खाली घातली. वर केली असती तर आनंद दिसला असता.

मग दर रविवारी डोंगर! ती दारात लाह्यांचं सूप घेऊन उभी असायची. "समद्या माशास्नी घालू नका. वाटंला तुमालाबी ऱ्हाऊ द्या," एवढंच हळू बोलायची. तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

मुलगी झाली आणि दंड संपला. पण बाळंतीण आणखी काही महिने माहेरीच! पुढच्या रविवारी मी सगळ्या गावादेखत डोहात गळ भिरकावला. तो पाण्यात पोचलाच नाही, माझ्याच धोतरात अडकला.

"पान्यात पडला न्हाई हो!" सासरे माझी बाजू घेऊन ओरडले.

"पर मनात व्हतं न्हवं?" पुजारीबुवा हसत म्हणाले. "जलमभर दंड!"

पुढं ती घरी आली, संसार झाला, मुलगी सासरी गेली. आता ही नाही, सासरे नाहीत, पुजारीबुवाही नाहीत. सुपात लाह्या घालून द्यायला दारात कुणी नसतं, म्हणून त्या मीच पिशवीतून नेतो. थोड्या वाटेसाठी राखतो.

रविवारी निघालो की कुणीतरी शेजारी हमखास विचारतो, "कुठं निघाला?"

"मासे धरायला."

इतकी वर्षं झाली, पण एकाचाही विश्वास बसलेला नाही!