एफ-वन दाबून पुढे

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला सुरू होताना कुरकुर करायची खोड होती. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी यायच्या. काहीतरी बिनसलंय, सगळी सेटिंग्ज मूळचीच घेतली आहेत, पुढे जायचं तर एफ-वन दाबा, अशा काहीतरी. मी त्या कधी धड वाचल्या नाहीत. धाकट्या भावाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "ताई, ते रोजचंच आहे. एफ-वन दाबायचं आणि पुढे जायचं." या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता, आणि मी नवऱ्याच्या घरून परत आलेली होते.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती आणि लोडशेडिंग ऐन भरात होतं. मखमलाबादला आमचा मळा, मळ्यातच घर. झेंडू, शेवंती आणि बांधाला थोडा गुलाब. वडील फुलांचे भारे घेऊन सराफ बाजारातल्या फुलवाल्यांकडे जायचे, आई घरी बसून गजरे-माळा करायची. वीज आली की सगळ्यांची एकदम धावपळ. मोटार चालू करा, टाकी भरा, मोबाईल चार्जिंगला लावा. त्या गर्दीत माझाही एक नंबर लागलेला होता.

मी इगतपुरीहून परत आले होते. नवऱ्याला चांगली नोकरी होती, घर स्वतःचं होतं, आणि तो हात उचलायचा. आज हे एका वाक्यात लिहून होतं. तेव्हा ते तोंडातून निघायला फार दिवस लागले. पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा गालावर वळ होता. आईने हळद लावली, गोडधोड खाऊ घातलं आणि हातात शेवंतीची पिशवी देऊन मला एसटीत बसवलं. "भांड्याला भांडं लागतंच, बाई. मनावर नको घेऊ. पुढं चाल." दुसऱ्यांदा आले तेव्हाही हेच, फक्त शेवंतीऐवजी मेथी होती. तिसऱ्यांदा मी कपड्यांची बॅग घेऊनच आले आणि सांगून टाकलं, आता जाणार नाही.

असं सांगून भागत नसतं. दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये बैठक ठरली. तिकडची माणसं येणार, इकडचे चार वडीलधारे बसणार आणि मी नांदायला जायचं की नाही हे ते सगळे मिळून ठरवणार. वडील मनाने वाईट नव्हते, पण माणूस भिडस्त. मला म्हणाले, "मी काय सांगू त्यान्ला? पोरगी बसून हाय म्हणू? तुझं कामधंद्याचं काही पक्कं झालं, तर मला बोलाया तोंड राहील. मग मी ठोकून सांगतो, पोरगी जाणार नाय."

म्हणून मी काम शोधलं. कॉम्प्युटरची पदवी घेतलेली होती, लग्नाआधी एका क्लासमध्ये शिकवतही होते. इंदिरानगरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक बाई लहान मुलांसाठी सीडीवरचे खेळ बनवायच्या. त्यांनी मला अर्धवट केलेला एक खेळ दिला. वरून फळं पडतात, खालची टोपली हलवून ती झेलायची. "सडकं फळ झेललं तर टोपलीतलं एक चांगलं फळ कमी झालं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि टोपली भरत जाईल तसा वेग वाढला पाहिजे. दसरा झाला की या आणि चालवून दाखवा. जमलं तर घरी बसून करण्याजोगं काम देईन." मी हो म्हणाले. घरी येताना रिक्षात बसल्या बसल्याच मनात निम्मा कोड लिहून झाला होता.

भाऊ गणपतीत आला तेव्हा त्याने सगळं बसवून दिलं. खेळाचं इंजिन वेगळं असतं. चित्रं हलवणं, आवाज काढणं, कशाला काय धडकलं ते बघणं, ही त्याची कामं. आपण कोड लिहितो तो दुसरीकडे, एडिटरमध्ये. या दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. इंजिन कुठल्या फोल्डरमध्ये आहे, कोड कुठे आहे, तो बांधायचा, म्हणजे चालण्याजोगा करायचा, कोणी, हे सगळं एडिटरला सांगावं लागतं. त्याने ते सांगितलं, तारीख-वेळ नीट लावली आणि सगळं एका बटणावर आणून ठेवलं. ते दाबलं की जी फाईल नवी असेल तेवढीच पुन्हा बांधली जायची आणि इंजिन खेळ उघडायचं. त्याच्यासमोर टोपली झकास हलली. आरती झाली, तो मोदक खाऊन पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवसापासून माझे भोग सुरू झाले.

मी कोड बदलला, फाईल ठेवली, बटण दाबलं. खेळ उघडला तो जुनाच. सडकं फळ टोपलीत पडलं आणि काहीच झालं नाही. मी कोड पुन्हा वाचला. बरोबर वाटला. तरी दुसऱ्या पद्धतीने लिहिला. खेळ जुनाच. मग वैतागून टोपलीचा रंगच लाल केला, म्हटलं एवढं तरी दिसू दे. टोपली पिवळीच राहिली. कुठे चूक आहे म्हणावं, तर कॉम्प्युटर चूकही दाखवत नव्हता. नवं काही नाही, सगळं झालेलं आहे, एवढंच तो सांगायचा.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "बांधलेलं सगळं पुसून टाक आणि नव्याने बांध." तसं केलं आणि चमत्कार व्हावा तशी टोपली लाल झाली. सडकं फळ पडलं की एक चांगलं फळ गळू लागलं. मी आनंदाने आईला ओढत आणून दाखवलं. तेवढ्यात वीज गेली. दुसऱ्या दिवशी वेग वाढवायचा कोड लिहिला, बटण दाबलं, वेग आहे तेवढाच.

मग हे असंच चालू राहिलं. भाऊ फोनवर असला की जमायचं, मी एकटी बसले की फसायचं. रोज उठून सगळं पुसत बसायला तेवढी वीजही नसायची, आणि हे रोजच पुसायचं असतं असं त्याला तरी कुठे वाटत होतं? तो म्हणायचा, "ताई, तू फाईल ठेवायला विसरत असशील." मी विसरत नव्हते. पण दहा वेळा तेच ऐकल्यावर मी स्वतःवरच पहारा ठेवू लागले. फाईल ठेवताना मोठ्याने म्हणायचे, ठेवली. आई माळ ओवता ओवता माझ्याकडे बघायची.

सासूबाईंचं एक आवडतं वाक्य होतं, हिच्या हाताला गुण नाही. दूध नासलं की तेच, कुंडीतली तुळस वाळली की तेच. नवरा तेच जरा वेगळं बोलायचा, "तुला एक काम धड जमत नाही," आणि मग हात. तिथे असताना मला या बोलण्याचा राग यायचा. आता माहेरी बसून, कोणी काही बोलत नसताना, मला ते पटायला लागलं. माझ्याच डोळ्यांसमोर मी लिहिलेलं काहीच घडत नव्हतं. मी लिहितेय आणि जगात तसूभरही फरक पडत नाही, यासारखी भीती दुसरी नाही. एका दुपारी तर मनात आलं, जावं परत. मार सोसायची तरी सवय झालेली आहे. ते आठवलं की अजूनही माझा मलाच संताप येतो.

खंडेनवमीला आईने खुरपी, विळे, फुलं कापायच्या कात्र्या, तराजू, सगळं पाटावर मांडलं आणि मग कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली. "आज त्याला हात नको लावू. हत्याराला आज इसावा असतो," म्हणाली. मी त्याच्यासमोर नुसती बसून राहिले. मला हत्याराची पूजा सुचत नव्हती, ते उचलून विहिरीत टाकावंसं वाटत होतं.

दसऱ्याला फुलं विकून झाली, घर निवांत झालं, वीजही आली. मी मशीन सुरू केलं, एफ-वन दाबलं, वेगाचा कोड पुन्हा लिहून फाईल ठेवली. खेळ जुनाच. भाऊ परीक्षेच्या गडबडीत होता, त्याला फोन करायचा नव्हता. म्हटलं, सगळं पुसायच्या आधी आपलं लिखाण तरी दुसरीकडे जपून ठेवू. शेवटचं काम कोणतं ते कळावं म्हणून फाईली तारखेप्रमाणे लावल्या. आज नुकतीच ठेवलेली फाईल सगळ्यांत वर असायला हवी होती. ती परवाच्या फाईलीच्या खाली होती. आणि भावाने गणपतीत ठेवलेल्या सगळ्या फाईली त्या दोन्हींच्या वर.

मी तारखा वाचल्या. एक जानेवारी. परवाची एक जानेवारी, आजचीही एक जानेवारी, आणि तीही काही वर्षांपूर्वीची. दाराला झेंडूचं तोरण आणि माझं सगळं काम एक जानेवारीचं! कोपऱ्यातल्या घड्याळात भर दुपारी रात्रीचा पाऊण वाजलेला मी कित्येकदा पाहिला होता. पण आमच्या भिंतीवरचं घड्याळ तरी कुठे बरोबर असायचं?

मी मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि त्या ओळी आल्या तेव्हा एफ-वन दाबलं नाही. खुर्ची पुढे ओढून शेवटपर्यंत वाचल्या. आतला सेल संपला होता. वीज गेली की कॉम्प्युटर तारीख विसरायचा आणि मागे जाऊन नव्याने दिवस मोजायला लागायचा. मी आज लिहिलेलं त्याच्या हिशेबी आधी बांधलेल्याहून जुनं ठरायचं, आणि जुनं पुन्हा कशाला बांधा? माझा कोड पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

भावाला फोन केलाच. तो हसला. "हां, सेल गेलाय त्याचा. सांगायचं राहिलंच. घड्याळाच्या दुकानात मिळेल."

"हसू नकोस," मी इतक्या जोरात ओरडले की आई ओट्यावरून धावत आली.

मी रडत होते. आईने विचारलं काय झालं. तिला इंजिन आणि एडिटर काय सांगणार? मी म्हटलं, "बिघडलंय, बिघडलंय म्हणून ते रोज सांगत होतं. रोज. आणि मी बटण दाबून पुढे जात होते. आणि मला वाटत राहिलं, माझंच चुकतंय."

आईने पदराने माझं तोंड पुसलं. मग ती राहिलेली माळ पुरी करायला गेली.

सेल बसवला, तारीख लावली, खेळ एका दमात पुरा झाला. इंदिरानगरच्या बाईंनी तो स्वतः खेळून पाहिला, सडकी फळं मुद्दाम झेलली आणि पुढचं काम काढून दिलं. मी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "आता बघतोच मी."

बैठकीला ओसरीवर सतरंज्या घातल्या. तिकडून नवरा, त्याचे चुलते आणि आणखी दोघं आले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. वडिलांनी घसा साफ करून माझ्या कामाचं सांगितलं. मोठ्या अभिमानाने सांगितलं. चुलत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लय चांगलं. मग काम काय, इगतपुरीतबी करता येईल की. कॉम्प्युटर आम्ही घेऊन देऊ. झालं गेलं गंगेला मिळालं. आता पुढं चाला."

माना हलल्या. आमच्याकडच्यांच्याही. ज्याच्यासाठी मी महिनाभर जीव आटवला, ते त्यांनी एका घोटात गिळलं होतं. मी वडिलांकडे बघत होते. ते सतरंजीचा दोरा ओढत बसले होते आणि त्यांना तोंड राहिलेलं नव्हतं.

आई माझ्या अंगावरून चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. तिने कप वाटले नाहीत. ट्रे मधोमध ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "माझ्या पोरीला मारलं कशापायी?"

"आता ते कशाला उगाळायचं, विहीणबाई?" चुलते म्हणाले.

"मी दोनदा तिला पुढं चाल म्हणून धाडली. एकदाबी इचारलं नाय. आज इचारते." ती सरळ माझ्या नवऱ्याकडे वळली. "जावईबापू, तुमीच सांगा. कशापायी मारलं?"

त्याने चुलत्यांकडे पाहिलं, मग ट्रेकडे. मग तो म्हणाला, "तसं कारण काही नव्हतं."

वडिलांनी दोरा सोडला. "पाहुणं," ते म्हणाले, "चहा घ्या आन निघा. पोरगी जाणार नाय."

चहा कोणी घेतला नाही. ते गेल्यावर मी कप उचलून मोरीपाशी आणले. आई आधीच तिथे पाटावर बसून डोळे पुसत होती.

"पयल्यांदा आलीस तवाच इचारायला पायजे होतं मी," ती म्हणाली.

जाऊ दे ना आई, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले.

"हो," मी म्हटलं. "विचारायला पाहिजे होतं."

ती मान हलवत राहिली. मग मी एकेक कप विसळून देत गेले आणि ती पुसून पालथे घालत गेली.